मेन जेटचा काय गुन्हा?

"फटाके मारतेय? मेन जेट एक नंबर मोठा टाका. स्लो धरत नाही? कार्बोरेटर गेला, नवा बसवा. पिकअप मेला? फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावा, सायलेन्सर मोकळा करा, मग बघा." जुनी क्रूझर घेऊन कुठल्याही गॅरेजच्या दारात उभे राहा किंवा रविवारी सकाळी चहाला जमलेल्या रायडर मंडळींना विचारा, या तीन सल्ल्यांपैकी एक तरी ऐकायला मिळतेच. सांगणारा इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारायची लाज वाटावी. या लेखात मी तो उलट प्रश्न विचारणार आहे. तक्रार सिग्नलला थांबल्यावरची असेल, तर पूर्ण थ्रॉटलवर काम करणारा जेट बदलून ती कशी जाईल? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार आहे.

कुठल्या गाड्यांबद्दल बोलतो आहे ते आधी सांगतो. आकुर्डीच्या बजाजने २००१ मध्ये कावासाकीच्या इंजिनावर एलिमिनेटर आणली, २००५ मध्ये पल्सरचे इंजिन घालून तिचीच अ‍ॅव्हेंजर केली आणि २०१० मध्ये ती २२० सीसीची झाली. बीएस-६ चे धुराचे नियम येईपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, ती कार्बोरेटरवरच धावली. रॉयल एनफील्डची थंडरबर्ड ३५०सुद्धा शेवटपर्यंत कार्बोरेटरवालीच होती. या दोन गाड्या आज महाराष्ट्राच्या रस्त्यांवर भरपूर आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत, आणि त्यांच्या कार्बोरेटर व सिलिंडर हेड यांच्यामधला रबर बहुधा कंपनीतून निघाला तोच आहे. माझे म्हणणे एवढेच, की अशा गाडीचा स्लो अस्थिर असेल, थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच खाली येत नसेल, उतारावर सायलेन्सरमधून फट-फट होत असेल, तर पहिला संशय त्या रबरावर घ्यावा. गाडी तिथून हवा घेतेय का ते पाहावे. ते पाहिल्याशिवाय कार्बोरेटरच्या पोटात हात घालू नये.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे "एवढ्याशा चिरेने काय होतंय?" म्हणून थोडा हिशेब करू.

अ‍ॅव्हेंजरचे इंजिन २२० सीसीचे. मिनिटाला चौदाशे फेऱ्यांवर ते सातशे वेळा हवा ओढते. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरला असता तर मिनिटाला दीडशे लिटर हवा लागली असती, पण स्लोवर थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असल्याने प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे पन्नासेक लिटरच आत जाते. पाकळी मिटलेली आणि पिस्टन ओढतोय, त्यामुळे पाकळीच्या पुढच्या नळीत जबरदस्त व्हॅक्यूम असतो. आता त्या नळीच्या रबराला एक चीर पडली आहे असे समजा. जाडी वहीच्या कागदाएवढी, लांबी आठ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढले तर एक मिलिमीटर व्यासाच्या भोकाइतके भरते. एवढ्या भोकातून त्या व्हॅक्यूममध्ये मिनिटाला पाचेक लिटर हवा आत शिरते. ती कार्बोरेटरमधून आलेली नाही, म्हणजे तिच्याबरोबर पेट्रोलही आलेले नाही. पन्नासातले पाच. मिश्रण एका फटक्यात दहा टक्के पातळ झाले.

शुद्ध पेट्रोल पुरते जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, हा आकडा बहुतेकांना पाठ असतो. स्लोवर मात्र इंजिनाला याहून थोडे गडद मिश्रण हवे असते, कारण त्या वेळी सिलिंडरमध्ये आधीच्या स्फोटाचा जळका धूर बराच उरलेला असतो आणि नवा माल त्यात कसाबसा पेट घेतो. तिथे दहा टक्क्यांची तूट म्हणजे मधूनच एखादा स्फोट चुकणे. चुकलेल्या स्फोटाचे न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाते आणि पुढच्या स्फोटाच्या ज्वाळेने तिथे पेटते. आपण ज्याला फटाके म्हणतो ते हेच.

आता हीच गाडी सात हजार फेऱ्यांवर, थ्रॉटल पूर्ण उघडून पळवा. इंजिन मिनिटाला साडेसहाशे लिटरच्या आसपास हवा घेते. पाकळी सताड उघडी असल्याने नळीत व्हॅक्यूम जेमतेम उरतो. तीच चीर आता मिनिटाला दीड-दोन लिटरसुद्धा मुश्किलीने आत घेईल. साडेसहाशेत दोन म्हणजे अर्ध्या टक्क्यालाही कमी. मेन जेट ज्या भागावर राज्य करतो, तिथे या गळतीचा मागमूसही लागत नाही. मग तो मोठा करून कोणता तोटा भरून काढायचा आहे?

या हिशेबातूनच रोग ओळखायची खूणही मिळते. गळती स्लोवर आणि मिटल्या थ्रॉटलवर बोलते, थ्रॉटल उघडला की गप्प बसते. सिग्नलला अडखळणारी गाडी हायवेवर ऐंशीने सुरळीत पळत असेल, तर जेटला हात लावायचे कारण नाही. याउलट स्लो छान, पण थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर गाडी दम खात असेल, तर मेन जेट, पेट्रोलचा पुरवठा, फिल्टर यांच्याकडे खुशाल जा. ही साधी विभागणी न करता नंबर वाढवणाऱ्या माणसाला मी मेकॅनिक म्हणणार नाही, मग त्याच्या दारात कितीही बुलेट उभ्या असोत.

क्रूझरच्या बाबतीत या चुकीची किंमत जास्त पडते. ही गाडी चालते कशी ते पाहा ना. पाय पुढे, पाठ सैल, साठ-सत्तरचा वेग. पुणे ते सातारा जाताना थ्रॉटल पाव भागाच्या पुढे फार कमी वेळ उघडतो, आणि शहरात तर तेवढाही नाही. मिटल्या थ्रॉटलपासून आठव्या हिश्श्यापर्यंत पायलट जेटचे चालते, त्यापुढे बराच काळ निमुळत्या सुईचे, आणि शेवटच्या पाव भागात मेन जेटचे. कमी थ्रॉटलवर सुई आणि तिच्या भोवतालची नळी यांच्यामधली फट मेन जेटच्या भोकापेक्षा लहान असते, म्हणजे पेट्रोलला अडवणारी जागा सुईपाशी असते. खालचा जेट मोठा केल्याने तिथे नाममात्र फरक पडतो. क्रूझरवाल्याला जे हवे असते, म्हणजे घड्याळासारखा स्लो, क्लच सोडताना न बुजणारी गाडी, दुसऱ्या गिअरमध्ये गर्दीतून धक्का न देता सरकणे, ते सगळे पायलट जेटच्या आणि व्हॅक्यूमच्या मुलखातले आहे. त्याच मुलखात चोर शिरला आहे, आणि फाशी मेन जेटला.

आता खरी अडचण. लोक सांगतात, "अहो, पण जेट बदलल्यावर माझी गाडी खरंच सुधारली." मी त्यांना खोटे ठरवत नाही. गाडी सुधारलीच असणार. फक्त कशाने सुधारली हे त्यांनी तपासलेले नाही. जेट बदलायला कार्बोरेटर खाली उतरवावा लागतो. उतरवल्यावर मिस्त्री हवेच्या नळीने सगळे मार्ग फुंकून घेतो, त्यात पायलट जेटमधला कचराही निघतो. कार्बोरेटर परत बसवताना रबर थोडा फिरतो, चीर वेगळ्या जागी दाबली जाते आणि क्लिप नव्याने आवळली जाते. शेवटी स्लो लावताना तो मिक्श्चरचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा बाहेर घेतो आणि स्लोवरचे मिश्रण गडद होते. म्हणजे त्या तासाभरात चार-पाच गोष्टी झाल्या आणि श्रेय गेले ज्या वस्तूचे पैसे मोजले तिला. म्हणून तर काही आठवड्यांत फट-फट परत सुरू होते. रबर पुन्हा आपल्या मूळ जागी बसलेला असतो. मग पुढच्या वेळी आणखी एक नंबर मोठा.

या वाटेवरचा पुढचा सापळा मला सगळ्यात घातक वाटतो, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. समजा, दोन-तीन फेऱ्यांनंतर कुणीतरी शहाण्या माणसाने रबर बदलला. गळती बंद झाली. तोवर कार्बोरेटरमध्ये काय काय होऊन बसले आहे? पायलट जेट मोठा झालेला, मिक्श्चरचा स्क्रू भरपूर बाहेर आलेला, मेन जेट दोन नंबर वर, सुईखाली कुणीतरी वॉशर सरकवलेला. हे सगळे गळतीची भरपाई म्हणून केले होते. आता गळती नाही, पण भरपाई चालूच आहे. गाडी स्लोवर जड होते, प्लग काजळतो, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, अ‍ॅव्हरेज पडते. मालक म्हणतो, "रबर बदलला आणि गाडी बिघडली." हा अनुभव मग तो दहा जणांना सांगतो, आणि रबर बदलण्याचा सल्ला बदनाम होतो.

रबर बदलला की जेट, सुई, स्क्रू सगळे कंपनीच्या मापावर आणायचे आणि मगच स्लो नव्याने लावायचा, हे काम दुरुस्तीचाच भाग आहे. पूर्ण गरम इंजिनावर स्क्रू हळूहळू फिरवत रेस सर्वांत जास्त होते ती जागा शोधायची, मग रेसचा स्क्रू मागे घेऊन फेऱ्या ठरलेल्या आकड्यावर आणायच्या. आधी आणि नंतर स्क्रू तळापासून किती फेरे बाहेर होता हे कागदावर लिहून ठेवले तर पुढच्या माणसाचेही भले होईल. गळती असताना रेस चढलेली राहते म्हणून मिस्त्री रेसचा स्क्रू खूप मागे घेतो, हेही इथे लक्षात ठेवायला हवे. तसे केले की थ्रॉटलची पाकळी वाजवीपेक्षा जास्त मिटते, तिच्या कडेशी असलेली बारीक भोके झाकली जातात आणि थ्रॉटल उघडायला सुरुवात करताच एक खड्डा जाणवतो. पुढे लोक त्याला "पिकअप मेला" म्हणतात आणि नवा कार्बोरेटर शोधायला निघतात.

अलीकडे या खटल्यात आणखी एक आरोपी उभा केला जातो, तो म्हणजे इथेनॉल. देशात २०२२ मध्ये दहा टक्के मिश्रण गाठले गेले, २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर यायला लागले आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पसरले. त्यानंतर प्रत्येक बिघाडाचे एकच निदान ऐकू येते. गंमत म्हणजे उसाच्या पट्ट्यातले, ज्यांच्या कारखान्यात हे इथेनॉल गाळले जाते तेसुद्धा आपल्या मोटरसायकलीबद्दल बोलताना त्यालाच शिव्या घालतात.

आरोपात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला कमी हवा लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७ लागत असेल, तर वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुना कार्बोरेटर तेवढाच माल सोडत राहिला, तर शुद्ध पेट्रोलच्या मानाने मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर येताना पडलेला फरक मात्र तीन-चार टक्क्यांचाच. शिवाय हा फरक थ्रॉटलच्या सर्व जागांवर सारखा पडतो. गाडी फक्त स्लोवर अडखळत असेल आणि वर सुरळीत असेल, तर ती इंधनाची खूण नव्हे. आणखी सोपी कसोटी हवी असेल तर शेजाऱ्याकडे बघा. त्याच पंपावर पेट्रोल भरणारी त्याची त्याच सालची अ‍ॅव्हेंजर शांत उभी राहते आणि तुमची फटाके मारते, तर फरक पंपात कसा असेल?

हो, एक गोष्ट खरी. जुन्या काळच्या काही रबरांना इथेनॉल मानवत नाही, ती फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. पण मग इथेनॉलवाल्यांचे आणि माझे निदान एकाच जागी येऊन भेटते. रबर गेला असेल, तर रबर बदला.

जेटचा आग्रह इतका चिवट का, याचा विचार करताना मला त्याची दोन मुळे सापडतात. पहिले टू-स्ट्रोकचे. आजच्या पन्नाशीतल्या मिस्त्रींचे हात आरएक्स १०० आणि येझदीवर बसले. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल आत जाते. तिथे हवा शिरली आणि मिश्रण पातळ झाले, की पेट्रोलबरोबर तेलही कमी पडू शकते, पिस्टन तापतो आणि इंजिन सीज होते. "पातळ चालवू नका, एक नंबर वर ठेवा" ही तेव्हाची शिकवण तेव्हा अगदी बरोबर होती. फोर-स्ट्रोकचे तेल खाली क्रँककेसमध्ये वेगळे असते. स्लोवरच्या गळतीने अ‍ॅव्हेंजरचा पिस्टन चिकटत नाही, कारण ज्या भाराखाली पिस्टन वितळण्याची भीती असते त्या भाराखाली ही गळती नगण्य असते, हे वरच्या हिशेबात आलेच आहे. घाबरवून जेट विकणाऱ्यांना हा फरक विचारावा.

दुसरे मूळ अमेरिकेतले. हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्या तिथल्या धुराच्या नियमांमुळे कारखान्यातून पातळ मिश्रणावर आणि गच्च सायलेन्सर लावून येत. मोकळा फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि त्याला जुळणारे जेट, ही तिथली पहिली पायरी. तिला तिथे कारण होते, आणि इंजिनही आपल्याहून कितीतरी मोठे जुळे. पण त्याच हार्लेच्या दोन सिलिंडरांच्या बेचक्यात बसणाऱ्या इनटेक नळीचे रबरी सील ही तिथल्या जुन्या मेकॅनिकांची सर्वांत ओळखीची दुखणी आहेत, आणि जाणता माणूस जेटच्या आधी ती सीलं तपासतो. आपण तिकडून सल्ल्याचा चकचकीत अर्धा भाग उचलला आणि कंटाळवाणा अर्धा तिथेच ठेवून आलो.

कोन फिल्टरबद्दल थोडक्यात. अ‍ॅव्हेंजर आणि थंडरबर्डचा कार्बोरेटर व्हॅक्यूमने स्लाइड उचलणारा आहे. त्याला मागच्या बाजूला शांत, एकसारख्या दाबाची हवा लागते आणि ती फिल्टरचा डबा पुरवतो. डबा काढला की स्लाइड थरथरते आणि मधल्या थ्रॉटलवर नवीच खोट तयार होते. आवाज वाढतो, तो वेगासारखा वाटतो. मोकळ्या सायलेन्सरचेही तेच, आणि त्याचे पुढे काय होते हे पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांच्या रांगांनी आपल्याला वेळोवेळी दाखवले आहे. ज्यांना फटाके मुद्दाम हवे असतात त्यांच्यासाठी हा लेख नाही.

"आम्ही स्प्रे मारून बघितला, गळती नाही" असेही सांगितले जाते. कसा मारला, हे विचारल्यावर बहुधा गप्पा थांबतात. थंड इंजिनावर एक फवारा मारून निकाल देता येत नाही. काही चिरा गार असताना उघड्या असतात आणि रबर तापून मऊ झाला की मिटतात. काही बरोबर उलट. म्हणून दोन्ही वेळा पाहावे. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा जोडावर पडल्यावर रेस चढली तर तिथे गळती आहे, पण तोच फवारा वाऱ्याने फिल्टरच्या तोंडाशी गेला तरी रेस चढते, आणि मग निर्दोष रबर दोषी ठरतो. बारीक नळी लावून, एका वेळी एकाच जागेवर, अगदी थोडा मारायचा. तापलेल्या सायलेन्सरच्या बेंडाजवळ हा ज्वालाग्राही फवारा उडवणे धोक्याचे आहे, आणि सिरिंजने पेट्रोल सोडण्याची जी पद्धत काही गॅरेजांत आहे ती तर आगीला निमंत्रणच. साधे पाणी फवारले तरी चालते. पाण्याने चीर क्षणभर बुजते आणि स्लोचा सूर बदलतो.

सर्वांत खात्रीची तपासणी मात्र रबर काढून हातात घेतल्यावरच होते. बाहेरून गुळगुळीत दिसणारा रबर दोन्ही हातांनी वाकवा. धातूच्या पट्टीला तो जिथे चिकटवलेला असतो त्या रेषेवर चीर उघडताना दिसेल. फिटिंगमध्ये असताना तिथे डोळा पोचत नाही, म्हणूनच ती सुटते. व्हॅक्यूमची नळी जोडायच्या छोट्या बोंडावर रबरी टोपी असेल तर तीही पाहा. एवढीशी टोपी तडकलेली असते आणि पूर्ण कार्बोरेटर बदलला जातो, हे मी पाहिले आहे.

प्रतिवाद करताना आपल्या बाजूचे दुबळे दुवे लपवू नयेत, म्हणून हेही सांगतो, की प्रत्येक फट-फट इनटेकची नसते. सायलेन्सरचा बेंड हेडला जिथे जोडला जातो तिथले पॅकिंग फुटले असेल, तर तिथूनही बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उतारावर तसाच आवाज येतो. धुरात ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह बिघडला तरी तेच. इनटेकचा टॅपेट फार घट्ट झाला असेल तर व्हॅक्यूम पडतो आणि स्लो गळतीसारखाच अडखळतो, म्हणून अ‍ॅव्हेंजरचे टॅपेट आधी लावून घ्यावे. त्याला रुपयाचाही सुटा भाग लागत नाही. कार्बोरेटरचा डायफ्रॅम फाटला असेल तर खूण वेगळी असते. स्लो ठीक राहतो, पण गाडी वर चढतच नाही. आणि महाबळेश्वरला गेल्यावर तुमची फटाके मारणारी गाडी एकाएकी शहाण्यासारखी वागू लागली, तर थंड हवेला श्रेय देऊ नका. साडेतेराशे मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने कार्बोरेटरचे मिश्रण पाच-सात टक्के गडद होते आणि चोरट्या हवेची थोडी भरपाई होते. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला येईपर्यंत फटाके परत सुरू झालेले असतात. हा पातळ मिश्रणाचा पुरावा, तोही फुकटात मिळालेला.

इंजेक्शनच्या गाड्यांना हे सगळे जसेच्या तसे लावू नये. २०२० नंतरची अ‍ॅव्हेंजर किंवा मिटिओर ३५० घेतली तर तिथला कंट्रोलर नळीतला दाब सेन्सरने मोजतो. गळतीने दाब वाढला की त्याला वाटते, इंजिन जास्त हवा घेते आहे, आणि तो पेट्रोलही वाढवतो. त्यामुळे तिथे गळतीची पहिली खूण पातळपणाची नसून चढलेल्या स्लोची असते. अशा गाडीला बाहेरून डबी जोडून पेट्रोल वाढवून देणारे लोक जेटवाल्यांचेच धाकटे भाऊ आहेत.

मग दुरुस्ती. चिरलेल्या रबरावर लाल सिलिकॉन थापणे ही दुरुस्ती नव्हे. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते आणि सुटते, त्याचे तुकडे आत ओढले जातात. क्लिप आणखी आवळणे हीही दुरुस्ती नव्हे. रबर कडक झाल्यावर क्लिपची दोन टोके एकमेकांना टेकतात आणि आतला जोड सैलच राहतो. नवा रबर, नवी ओ-रिंग, गरज पडली तर नव्या क्लिपा. फ्लँज जास्त आवळून वाकला आहे का हे सपाट काचेवर ठेवून पाहावे. वाकला असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून तो सपाट करता येतो. दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. एवढे केल्याने गाडीची ताकद वाढणार नाही. अ‍ॅव्हेंजरची १९ पीएस ही १९च राहील. ज्यांनी तुम्हाला दोन-तीन जास्तीचे देऊ केले होते त्यांच्याकडेही ते नव्हते. मिळेल ते इतकेच, की कारखान्याने दिलेली गाडी खालच्या थ्रॉटलवर पुन्हा तशी चालेल.

गॅरेजवाला हे का करत नाही, याचे कारण अज्ञान हेच दरवेळी नसते. रबर काही शे रुपयांत येतो आणि त्यात सुटत नाही फारसे काही. शोधायला मात्र तासभर जातो, इंजिन गरम करा, गार होऊ द्या, पुन्हा पाहा, आणि त्या तासाचे पैसे द्यायला आपण गिऱ्हाईक तयार नसतो. "नुसतं बघायचे पैसे?" हा प्रश्न आपलाच. जेटचे पाकीट, नवा कार्बोरेटर, कोन फिल्टर यांचे बिल दिसते, म्हणून ते आपण मुकाट्याने भरतो. तेव्हा पुढच्या वेळी गाडी लावताना मिस्त्रींना सांगा, की जेटला हात लावण्याआधी गळती शोधा, त्या तासाची मजुरी वेगळी घ्या, आणि काढलेला रबर मला परत द्या. घरी नेऊन तो वाकवून पाहा.